देवीनं न मागितलेला उपवास

सातव्या महिन्यात मी देवीला फसवत होते. खोटं कशाला बोलू? संडासला बसलं की काच फिरल्यासारखी आग व्हायची, रक्त पडायचं. हे नवऱ्याला सांगायची लाज, सासूबाईंना सांगायची त्याहून जास्त. मग माझा मीच तोडगा काढला, खाल्लंच नाही तर जावंच लागणार नाही. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा असे येडेश्वरीचे उपवास धरले. साबुदाण्याचे चार घास खायचे नि पाणीसुद्धा जपून प्यायचं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईची भक्ती लई!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्रास तर वाढतच गेला. त्यातच उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, पोट म्हणावं तसं वाढलेलं नाही. आणि आताच हे हाल, तर बाळंत होताना जोर कसा लावणार, या विचारानंच मला घाम फुटायचा.

एका मंगळवारी सासूबाई नि मी येरमाळ्याला येडेश्वरीच्या देवळात गेलो. सासूबाई ओटी भरायला रांगेत थांबल्या, मी पायरीवर टेकले. डोळे मिटून म्हटलं, आई, माझ्या भीतीपायी लेकरू उपाशी राहतंय, मी काय करू? डोळे उघडले तर शेजारी बसलेली एक अनोळखी म्हातारी माझ्याकडंच बघत होती.

"एका अंगावर का बसतीस गं? खाली चिरलंय व्हय?"

अगं बाई! मी आधी आजूबाजूला बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"चार लेकरं झाली मला. म्याबी आशीच बसायची. काय खाल्लंस?"

"उपवास आहे."

"देवीनं मागितला, का तूच धरला?" तिनं फडक्यातली भाकरी आणि चुक्याची भाजी माझ्या हातावर ठेवली. "खा. आन् डाक्टरीणबाईला दाव. लाजून लेकरू वाढत न्हाय."

रडत रडत खाल्लं. सासूबाई आल्या, मंगळवारी भाकरी खाताना बघून थबकल्या. मी सगळं सांगून टाकलं. "येडी का खुळी तू? एवढं सोसत बसलीस?" म्हणाल्या आणि तशाच मला कळंबला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेल्या. मलम मिळालं, पोट मऊ ठेवायचं औषध मिळालं, कोमट पाण्यात बसायला सांगितलं. पाणी भरपूर प्या, पालेभाज्या खा, संडासला लागली की थांबवू नका आणि या जखमेनं बाळंतपण अडत नाही, असंही त्या म्हणाल्या. हळूहळू आग कमी झाली, पोटही वाढायला लागलं.

सासूबाई म्हणतात, ती देवीच होती. मला वाटतं, ती चार लेकरांची आईच असणार. पण एवढ्या पायऱ्या सोडून मी तिच्याच शेजारी कशी टेकले, याचं कुतूहल अजून जात नाही.

कळा आल्या तेव्हा भीती पुन्हा आलीच. मी अंग आवळून धरलं होतं. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "आवळू नको, सोड." मी श्वास सोडला आणि म्हटलं, आई, आता तूच बघ. शरण जाणं मला तेव्हा अंगानं कळलं. मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर वॉर्डात आल्या तेव्हा मी चार बायकांदेखत मोठ्यानं सांगितलं, "संडासच्या जागी मला चीर आहे, औषध द्या." मग पलीकडच्या खाटेवरून हळूच आवाज आला, "सिस्टर, मलाबी." मी लेकीला छातीशी धरलं आणि मनातल्या मनात आईला हात जोडले.