बाटलेला माठ

नवऱ्याला कंटाळा आल्यावर त्याचा पेटीकॅमेरा माझ्याकडे आला. धान्याची खोली, लाल कापड गुंडाळलेला कंदील, डेव्हलपर आणि हायपो ही फिल्म धुण्याची औषधं आणि दोन पराती, एवढ्यावर मी घरीच फिल्म धुऊ लागले.

पहिली फिल्म वैशाखात वाया गेली. वाशीमच्या त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणीसुद्धा कोमट होतं. त्या कोमट पाण्यात फिल्मवरचा थर सुटला आणि चित्रं वाहून गेली. दुसऱ्या फिल्मवर माझी आई होती. दम्याने खंगलेली, नुकतीच माझ्याकडे राहून गेलेली. तिचा दुसरा फोटो कुठेच नव्हता.

गार पाणी घरात एकाच ठिकाणी होतं. मी पिण्याच्या पाण्याचा माठ उचलून आत नेला.

"काहून वं, माठ बाटवतं काय?" सासूबाई दाराबाहेरून ओरडल्या. "औषधाच्या हातचं पानी आता कोन पिईन?"

"नका पिऊ, आत्याबाई. मले लागते."

फिल्मवर आई उमटली, नाकातल्या नथीसकट.

"आता फेक तो माठ उकिरड्यावर," सासूबाई म्हणाल्या.

मी फेकला नाही. घरासाठी कुंभाराकडून नवा आणला आणि हा धान्याच्या खोलीत ओल्या वाळूवर मांडला. बाटलेल्या माठाला घरात दुसरं कोणी हात लावणार नव्हतं. मला तेच हवं होतं.