दोन वाढपी

इंदूरहून हेमाचं पत्र येऊन चार महिने झाले. दुपारच्या जेवणानंतर रघुवीर खांबेटे वेताच्या खुर्चीत पाठ टेकतात, डोळे मिटतात आणि त्यातल्या ओळी पापण्यांमागे उभ्या राहतात. ‘रघूकाका, मीही बाबांसारखीच जाड झालेय, आणि माझ्या लघवीतून प्रथिनं जातायत. डॉक्टर विचारतात, वडिलांची किडनी कशानं गेली? आई म्हणते, बाबांना तर साखर नव्हती. तुम्हाला काही ठाऊक आहे का?’

ठाऊक आहे. एकट्या त्यांनाच ठाऊक आहे. म्हणून तर उत्तर जात नाही.

खुर्ची करकरते. समोर फलटणच्या वाचनालयातलं त्यांचं जुनं टेबल आहे आणि पलीकडे हेमाचा बाप, बंडू सरंजामे. जाऊन सहा वर्षं झालेला. एकशे अठरा किलोंचा बंडू आज शिडशिडीत दिसतोय, कॉलर मानेभोवती सैल.

“काय रघ्या, उतरलो की नाही?”

रघुवीर त्याला खालीवर न्याहाळतात. लठ्ठ होता तेव्हा हाच देखणा, आता सडपातळ तरी हाच! ते स्वतः जन्मभर काटकुळे; कुणी वळून पाहिलं नाही.

“मेल्यावर कुणीही उतरतं,” ते पुटपुटतात.

बंडू खो खो हसतो. त्या हसण्याबरोबर टेबल लांबत जातं, पुस्तकांच्या जागी केळीची पानं येतात. लग्नाची पंगत आहे, जिलबीची पैज लागलीय. “सरंजाम्यांना वाढा! अजून चार!” मांडव ओरडतो. वाढपी रघुवीरांचं पान ओलांडून पुढे जातो, नेहमीसारखा.

“वाढपी किती आहेत, मोज,” बंडू म्हणतो.

“दोन.”

“आणि पानं?”

पानं मांडवाबाहेर, पार रस्त्यापर्यंत गेलीत. “संपतच नाहीत.”

“शंभर पानांचे वाढपी हे. दोनशे बसवली की आधी नुसते धावतात. लोक म्हणतात, काय चपळ! मग हातून सांडायला लागतं. मग एकेक जण खांबाला टेकतो. साखर नव्हती रे मला. पण हे वजन म्हणजे दोन किडन्यांना रोज जादा पंगत. पहिलं सांडलं, तेव्हा कालव्यावर फिरताना तुला सांगितलं होतं. लघवीला फेस येतोय, डॉक्टर वजन उतरवा म्हणतात.”

“घरी बोलू नको, असंही तूच म्हणालास.”

“म्हणालो. पण महिन्याभरात ही पैज लावली. शेजारीच होतास. हात का नाही धरलास?”

मांडवाची कनात आता इस्पितळाचा पडदा आहे. बंडू पुन्हा अवाढव्य, उशाशी रक्त गाळणारं यंत्र घरघरतंय. तो सुजलेली नडगी पुढे करतो. “दाब.”

रघुवीर अंगठा दाबतात. खळगा पडतो. भरून येत नाही.

“सगळं गाव तुझं होतं,” ते अंगठा न उचलता म्हणतात. “जळायचो मी. वाटलं, तुझं एवढं एक गुपित तरी माझ्या एकट्याचं असू दे.”

“मग ठेव की जपून,” बंडू शांतपणे म्हणतो. “हेमी पान मांडून बसलीय तिकडे.”

जाग येते. अंगठा खुर्चीच्या हातात रुतलाय. वेताची वीण कातडीवर लालभडक उमटलीय, चोळली तरी जात नाही.

त्याच अंगठ्यानं पेन धरून ते लिहितात. ‘चि. हेमास, तुझ्या वडिलांचं वजन त्यांच्या किडन्यांना पेललं नाही. त्या निकामी व्हायच्या दोन वर्षं आधी त्यांना ते कळलं होतं, आणि मलाही. मी त्यांच्यावर जळत होतो, म्हणून गप्प बसलो. तुझं आत्ता कुठे सुरू झालंय. हे पत्र डॉक्टरांना दाखव, त्यांच्या सल्ल्यानं वजन उतरव, रक्तदाब बघत राहा. मग हव्या तेवढ्या शिव्या दे मला.’

पुन्हा वाचलं तर फाडून टाकतील, म्हणून वाचत नाहीत. चपला सरकवून तडक कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी जातात. हात मनगटापर्यंत आत जातो, क्षणभर तिथंच थांबतो, आणि रिकामा बाहेर येतो.