जुन्नरच्या कागदखान्यातलं हॉटेल

शिवाजीनगरहून सुटलेली एसटी नारायणगावला निम्मी रिकामी झाली आणि थोड्याच वेळात समोर शिवनेरी दिसला. सन २००२चा डिसेंबर होता. मांडीवर नकाशांची गुंडाळी होती आणि डोक्यात जुन्या वास्तू वाचवण्याचं ताजं वारं. मी आर्किटेक्ट होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. म्हणजे मला सगळंच कळत होतं.

स्टँडवर सुदामराव बुलेट घेऊन हजर होते. हे बोरी बुद्रुकचे द्राक्षबागायतदार. ओझरच्या गणपतीला येणाऱ्या भाविकांसाठी त्यांना जुन्नरात हॉटेल काढायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी एक पडीक कागदखाना (हातकागद बनवायची जागा) भाड्याने घ्यायचं ठरवलं होतं.

आधी त्यांनी मला मासवडी (सारण भरलेली बेसनाची वडी) खाऊ घातली. रश्श्याने माझं नाक वाहायला लागलं. "पुण्याची माणसं लई नाजूक राव," असं म्हणत त्यांनी आणखी एक वाटी वाढायला सांगितली.

कागदखाना पाहिला आणि मी हरखलेच. काळ्या दगडाच्या कमानी होत्या, छतात पिंपळाची मुळं शिरली होती आणि मधोमध कमरेइतका उंच हौद होता. यातल्याच पाण्यात चिंध्यांचा लगदा कालवून कागद उचलायचे. हौदाभोवती काचेचा कठडा, वर पिवळा दिवा, बाजूने टेबलं, असं सगळं मी सुदामरावांनी धाडलेल्या फोटोंवरून कागदावर आखून आणलं होतं.

"महाराजांच्या घोड्यांनी यात पाणी पिलं, असा बोर्ड लावू," सुदामराव म्हणाले.

"घोडं कुठलं भाऊ? गाढवं प्यायची. चिंध्यांची गाठोडी घेऊन यायची ती." दारातून आवाज आला. त्या रझियाबी, जागेच्या मालकीण. साठीच्या, किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी माझा नकाशा उलटा धरला, मग सुलटा केला आणि विचारलं, "हौद कशापायी ठेवला?"

मी परंपरेवर बोलले. बरंच बोलले. सुदामरावांनी दोनदा मान डोलावली.

रझियाबींनी नळाला पाइप लावून हौद भरला. अडगळीतून लाकडी चौकट काढली, तिच्यात गवताच्या काड्यांची चटई बसवली आणि माझ्या हातात दिली. "बुडवा. आडवी उचला. पाणी गळू द्या. परत बुडवा."

पाणी बर्फासारखं होतं. बाराव्या खेपेला माझी बोटं वळेनात. विसाव्याला चौकट हातातून सुटली आणि मी कोपरापर्यंत भिजले.

"माझा सासरा पहाटंपासनं हजार उचलायचा," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले, तवा त्याला स्वतःच्या हातानं घास घेता येत नव्हता. मी भरवायची. त्यो मेला तवा बी बोटं वाकडीच व्हती. आन् तुमी ह्याच्यावर पिवळा दिवा लावणार?"

सुदामराव घसा खाकरून म्हणाले, "पण भाबी, मॅडम म्हणतात लोकं बघायला येतील."

"लोकांना जेवू घाला की. बघायचंय काय त्यात? हौद ठेवायचा आसंल तर जागा देत न्हाई."

मी हौद खोडायला नकाशा पुढे ओढला. काकडलेल्या बोटांत पेन्सिलही धरवेना, म्हणून रझियाबींनीच माझ्या नकाशावर हौदाच्या जागी भली मोठी फुली मारली. मग चहा टाकला आणि माझे हात स्वतःच्या ओढणीने पुसून दिले.

महिन्याभराने सुदामरावांचा फोन आला. हौद बुजवून त्यावर शेगड्या मांडल्या होत्या, ओझरची पहिली बस जेवूनही गेली होती.

"आणि रझियाबी?"

"सकाळधरनं दारात खुर्ची टाकून बसतात, वेटरांवर वरडतात. पण हौदावरच्या भटारखान्यात? अजून पाऊल टाकलं न्हाई बघा."

त्या प्रवासात मी कमानी मापल्या, भिंती मापल्या. त्या जागेत कोण राबलं, हे विचारायला मी मोजायच्या टेपपुढे कधी सरकलेच नव्हते. कमानी मात्र शाबूत आहेत. त्यांच्याबद्दल रझियाबींची काही तक्रार नव्हती.