नावापुढची आडवी रेघ

सोनईच्या शाळेत मी संगणक शिकवते. आमचे निवृत्त संगीतशिक्षक चर्चच्या गायनमंडळाच्या सरावाचं रेकॉर्डिंग करून लॅबमधल्या एका संगणकावर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि त्या संगणकाची डिस्क गच्च भरलेली. नेहमीचा पडदा उघडेचना, नुसती काळी खिडकी. तिथं हाताने आज्ञा टाइप करून फाईल पुसायच्या.

सरांना बोलावलं. ते म्हणाले, "सोपं हाय बाई. नको असलेल्या गाण्यांच्या नावापुढं मी वजाची रेघ मारलीय. तेवढी काढा."

मी rm ही पुसायची आज्ञा लिहून पुढे -nako1 टाइप केलं. उत्तर आलं, असा पर्याय नाही. त्या रेघेमुळे संगणक फाईलच्या नावालाच सूचना समजत होता. नाव अवतरणचिन्हात घातलं, तरी तेच. तास गेला. एकही फाईल हलली नाही.

"अन् एका फाईलीला नावच सुचलं न्हाई, तिला नुसती चांदणी दिलीय. तीबी काढा," सर म्हणाले.

मी वैतागलेलीच होते. rm आणि पुढे * दाबून एंटर मारला. पुन्हा तीच तक्रार: असा पर्याय नाही. आणि मग लक्षात आलं. इथं चांदणी म्हणजे 'सगळ्या फाईली'. त्या रेघवाल्या नावांवर आज्ञा अडली, म्हणून वाचलं. नाहीतर सरांची सगळी गाणी गेली असती.

"चांदणी गेली का?" सरांनी विचारलं.

"नाही," एवढंच म्हणाले मी.

सुप्याच्या कंपनीत संगणकाचं काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. ती हसली. "अगं, रेघेच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ दे, म्हणजे ते नाव धरलं जाईल. चांदणीला मात्र अवतरणचिन्हात घाल." दोन मिनिटांत सगळं झालं. मला रडू यायचं बाकी होतं.

"मग पुढच्या येळी कोणतं चिन्ह देऊ?" सरांनी सहज विचारलं.

"चिन्ह नको सर! साधं नाव द्या, नाहीतर इथं ठेवूच नका!"

सरांनी चष्मा खिशात घातला आणि "बरं" म्हणून निघून गेले. परीक्षा नीट पार पडली. पुढच्या आठवड्यात ते पेनड्राइव्ह घेऊन आले, सगळी गाणी उतरवून घेतली, माझ्याशी हवापाण्याचं बोलले. चांदणी दाबल्याचं मी तेव्हाही सांगितलं नाही.