माओरी बोलणी, उझबेक बोलणी

आमचे धाकटे भाऊजी बैलांशी माओरी भाषेत बोलायचे. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची ही रांग लागलेली, जो तो घसा फोडून ओरडतोय, आणि आमचा हा माणूस बैलाच्या कानाला लागून काहीतरी गोड गोड सांगतोय! बैल बिचारे मान डोलवायचे. बायका मला विचारायच्या, "तुह्या दिराले काही झालं का व?" मी काय सांगणार, कपाळ?

झालं असं, की मिसरूड फुटायच्या आधीच भाऊजी कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईला पळाले आणि जहाजावर खलाशी झाले. न्यूझीलंड म्हणून कुठलंसं बेट आहे, तिथं उतरले ते राहिलेच. तिथले मूळचे लोक माओरी आणि त्यांची भाषाही माओरी. सासूबाईंनी अंथरूण धरल्याचं कुणा खलाशाकडून कळलं, तेव्हा कुठं घरी आले. सासूबाईंनी लेकाचं तोंड पाहिलं आणि डोळे मिटले. मग आमच्या ह्यांनी भावाला सोडलंच नाही. तेव्हा कापसाला सोन्याचा भाव! आमच्या वांग्या-मिरच्यांच्या मळ्यातसुद्धा कापूस पेरलेला आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. घरात माणूस हवाच होता. "तिकडं माही बायको हाये," असं भाऊजी आल्या दिवसापासून सांगत होते. आम्ही म्हणायचो, खलाशाच्या गप्पा!

"बैल आयकते, वहिनी, पन उलटून बोलत नाई," ते एकदा मला म्हणाले. "भाषा अशीच गंजते. तिची बोली ईसरलो तं वापस कोन्या तोंडानं जाऊ?" असं बोलताना त्यांचा चेहरा इतका पडायचा की मला हसू यायचं. म्हटलं, काय सोंग आणतात!

त्या हिवाळ्यात बाजारात सुका मेवा विकायला एक उझबेक आला. थेट बुखाऱ्याकडचा, दांडगा, लाल गालांचा. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा, पण त्याच्या भाषेत बोलायला त्यालाही इथं कुणी नव्हतं. दोन भुकेले एका पंगतीला बसावेत तसे दोघे आमच्या ओट्यावर बसू लागले. तू मला तुझी शिकव, मी तुला माझी, असा सौदा ठरला. पुढच्या हिवाळ्यात उझबेक पुन्हा हजर, आणि गेल्या सालचं सगळं पाठ!

रोज संध्याकाळी दोन भाषांची मापं घ्यायची. पाण्याला उझबेक म्हणे 'सुव', तर माओरीत 'वाई'. घराला एकाचं 'उय', दुसऱ्याचं 'फारे'. "माओरी शब्दाचं तोंड शेवटी उघडंच राह्यते," भाऊजी मला समजावून सांगायचे, "अन् हा उझबेक धाडकन कवाड लावते. हा शब्दाले मागून शेपट्या जोडत जाते, आमची माओरी समोर घुंगरू बांधते." एका बाबतीत मात्र दोन्ही भाषा सारख्या. तो आणि ती, दोघांना एकच शब्द!

"अगं बाई! मंग गडी कोन अन् बाई कोन, हे समजते कसं?" मी विचारलं.

"कामावून समजते, वहिनी. जे घडीभर बसलं नाई, ते बाई."

आमचे हे तेव्हा ओट्यावर पाय पसरून बसले होते. ते उठून गोठ्यात गेले.

पण खरी पंचाईत पुढंच होती. वलगावची माझी चुलत बहीण मी भाऊजींसाठी सांगून आणली. पोरगी देखणी, हाताला चपळ. भाऊजींचं आपलं एकच, माझी बायको आहे. शेवटी पोरीचे वडील, माझे काका, वलगावहून आले आणि ओट्यावर ठाण मांडून बसले. "बायको हाये म्हन्ता, पन पाह्यली कोनं? तुमी दोघं काय बडबडून राहिले, देव जाने. भाषाच खोटी असन, तं बायकोबी खोटी. मंग मांडव घालू."

काकांनी परीक्षा ठरवली. उझबेकाला ओट्यावर बसवलं, भाऊजींना लांब विहिरीपाशी नेलं आणि कानात सांगितलं, "त्याले म्हना, पगडी काढून माह्या डोक्यावर ठेव." भाऊजी तिथूनच माओरीत ओरडले. उझबेक ताडकन उठला. दोन्ही हातांनी पगडी गच्च धरून लालबुंद होत गरजला, "जान मांगो, पगडी नहीं दूंगा!"

काका हसता हसता धापा टाकत परत आले. "भाषा तं खरी निंगाली. पन बायको?" मग उझबेकाकडं वळून म्हणाले, "आनखी काय शिकोलं यानं तुले?"

उझबेक एकेक वाक्य आधी माओरीत म्हणायचा, मग हिंदीत अर्थ सांगायचा. "भीगके आये हो, पहले सर पोंछो." "खाना ठंडा हो गया, अब कितनी बार गरम करूं?" "कल बोला था, आज फिर भूल गये?" "धीरे बोलो, बच्ची अभी सोयी है." आणि मग खो खो हसत म्हणाला, "मेरी घरवाली भी यही बोलती है!" लगेच तीच वाक्यं त्यानं उझबेकीत म्हणून दाखवली. दोन्हींत एक शब्द जुळेल तर शपथ, पण बोलणी तीच!

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. अहो, हेच तर मी ह्यांना रोज म्हणते! जहाजावर असलं कोण शिकवतं? ही बोलणी खायला बायकोच लागते. आणि ती बच्ची?

"भाऊजी, लेकरू हाये तुमाले?"

"पोरगी हाये. मी निंगालो तवा नुकती चालाले लागली होती," ते खाली मान घालून म्हणाले.

"काका, उठा," मी म्हटलं. "हे लग्न होत नाई."

काका उठले ते माझ्यावरच डाफरले, "मंग या मानसाले इथं कायले डांबून ठेवलं तुमी?"

आगगाडी तेव्हा अकोल्याला मिळायची. तिकडं निघालेल्या कापसाच्या गाडीवर आम्ही भाऊजींची जागा केली. न पाहिलेल्या जावेसाठी मी खण दिला आणि पोरीसाठी चांदीचे वाळे. पोर केवढी झाली असेल कोण जाणे, वाळे आपले अंदाजानं मोठेच घेतले. उझबेकानं मिठी मारली आणि त्यांच्या खिशात बदाम कोंबले. आमचे हे उगाच गाडीचे दोर आवळत राहिले.

"तिले तुमच्याकडून काय सांगू, वहिनी?"

मी काय गप्प बसणार! म्हटलं, "सांगा, बाई, तुहा मानूस धडधाकट वापस धाडला. आता पुन्हा इकडं पाठवू नको, आमाले सोडवत नाई!"

भाऊजींनी ते तिथल्या तिथं माओरीत म्हणून पाहिलं. सगळंच्या सगळं, एका दमात, कुठंही न अडखळता.