इको मशीनच्या टेपवर

पहिली गिटार मी मंचरला घेतली, कारण त्या दुकानात दुसरी नव्हती. नव्वदीची सुरुवात होती. घड्याळं आणि ट्रान्झिस्टर विकणाऱ्या त्या दुकानात ती काचेच्या कपाटावर उभी होती. आमच्या महाळुंगे पडवळच्या घरात, उन्हाळ्यात पत्र्याखाली तिची मान वाकली आणि तारा बोटभर वर आल्या. त्या वाकड्या गिटारीवर मी दोन वर्षं बोटं सोलून घेतली. पुढं नारायणगावच्या एका ऑर्केस्ट्रात जागा मिळाली, तेव्हा पुण्याहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. अ‍ॅम्प्लिफायर नारायणगावातल्याच एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं लाकडी खोक्यात बनवून दिला. तो तापला की जळक्या वार्निशचा वास सुटायचा.

आता कमी होती ती इकोची. जत्रेत, लग्नात गाणाऱ्याचा आवाज घुमला नाही तर लोक म्हणायचे, "आज काय मजा न्हाई आली राव." इको मशीनमध्ये तेव्हा हातभर टेपची पट्टी टोकाला टोक जोडून गोल फिरायची. वाजवलेलं तिच्यावर उतरायचं, क्षणभरानं परत ऐकू यायचं आणि फेरी पुरी होता होता पुसलं जायचं.

असं मशीन जुन्नरच्या एका भुसार व्यापाऱ्याकडे पडून असल्याचं कळलं. घराणं मूळचं राजस्थानातलं जैन, पण तीन पिढ्या जुन्नरात गेलेल्या. त्या व्यापाऱ्याच्या थोरल्या भावाला दुकानापेक्षा गिटारीचा नाद. दोन वर्षांपूर्वी कार्यक्रमाला जाताना त्यांची जीप माळशेज घाटात उलटली. ते गेले, मशीन मात्र कोपरा चेपून परत आलं.

धाकट्या भावानं ते माडीवरून खाली आणलं. मागोमाग त्या गेलेल्या माणसाची बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मी उचलून निघालो तेव्हा म्हणाली, "भाऊ, चालू केल्यावर लगेच वाजवू नका. थोडं नुसतं फिरू द्या."

मला वाटलं, मोटर गरम व्हायला वेळ लागत असेल. घरी येऊन बटण दाबलं. आधी खरखर आली. मग पुरुषाचा आवाज, अगदी जवळून, "थांब, आलोच."

पुन्हा खरखर. पुन्हा, "थांब, आलोच."

अंगावर काटा आला, पण उमगलंही. त्या माणसानं निघण्याआधी घरीच माइक लावून मशीन तपासलं असणार आणि शेवटचं वाक्य टेपवर राहिलं असणार. मी त्यावर वाजवलं, तो आवाज गेला. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर होताच, जरा खोल गेल्यासारखा. अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यानं उघडून पाहिलं. "पुसायचा भाग कमजोर हाय," तो म्हणाला. "जुनं खाली ऱ्हातं, नवं वर बसतं." पट्टी बदल म्हणाला. मी आज-उद्या करत राहिलो. वाजवायला लागलं की त्या आवाजाची आठवण राहत नसे. आमची गाणारी बाई मात्र मशीनच्या बाजूला उभी राहीनाशी झाली. विचारलं तर म्हणायची, "गार लागतं तिथं."

मग आहुप्याचा कार्यक्रम आला. गावाच्या यात्रेची दुपार, देवराईच्या कडेला मांडव. कड्याखालून, कोकणाच्या बाजूनं ढग वर येत होते आणि थोड्याच वेळात समोरची माणसंसुद्धा पुसट दिसायला लागली. वीज नव्हती, सगळं जनरेटरवर. सामान लावून मी मशीन चालू केलं आणि तेवढ्यात जनरेटरची घरघर खाली गेली.

"लोड लई झालाय, भाऊ," त्यावरचा माणूस म्हणाला. "जरा दम धरा."

टेप संथ झाली. त्या माणसाचा आवाज जाड, ओढलेला येऊ लागला. पण त्याच्या आधी, जिथं एरवी नुसती खरखर असायची, तिथं बाईचा आवाज होता. हळू, पण शब्द स्पष्ट. "आज नका जाऊ." मग तो, "थांब, आलोच."

गाणारी बाई माझ्याकडे बघत होती. तिनंही ऐकलं होतं. जनरेटर पूर्ववत झाला आणि तो आवाज पुन्हा खरखरीत मिसळला. त्या दुपारी मी इकोशिवाय वाजवलं.

चार दिवसांनी मशीन घेऊन जुन्नरला गेलो. वाटलं, हे शब्द त्या गेलेल्या माणसाच्या बायकोचे आहेत, ते तिच्याकडेच असायला हवेत. धाकट्या भावानं मला माडीवर नेलं. त्याच्या वहिनींना मी आहुप्याचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी वर्षभर रोज ऐकलंय ते. त्यात त्यांच्याशिवाय कुणी नाही."

मी मशीन लावलं आणि फिरत्या चाकावर अंगठा हलका टेकवला. टेप संथ झाली. आवाज आला.

वहिनींनी तीनदा ऐकलं. मग म्हणाल्या, "माझाच आहे."

"तुम्ही अडवलं होतं त्यांना?" मी विचारलं.

"मी इथं नव्हते, भाऊ. आठ दिवस आधीच माहेरी गेले होते, खेडला. हे मशीन त्यांनी मागाहून आणलं. मी पाहिलं ते अपघातानंतर."

धाकटा भाऊ खिडकीबाहेर बघत होता.

"त्या सकाळी मी देरासरात देवापुढं बसले होते," वहिनी म्हणाल्या. "मनात आलं, फोन करून सांगावं, आज नका जाऊ. मग वाटलं, हसतील. नाही केला."

त्यांच्याच सांगण्यावरून मी टेपची पट्टी जोडापाशी कापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटाभोवती गुंडाळली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मशीनमध्ये मी नवी पट्टी घातली. बरीच वर्षं ते नीट चाललं. दोन हजार सालानंतर मोटर जळाली, तेव्हा पुण्याहून इकोचा हाताएवढा डिजिटल पेडल आणला आणि मशीन माळ्यावर टाकलं. त्याच सुमारास मंचरच्या बाजारात तो धाकटा भाऊ भेटला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "वहिनी विचारत होत्या, तसलं मशीन अजून कुठं मिळतं का."

मोटर भरून घेतली असती तर माझंच पुन्हा चाललं असतं. पण मला वहिनी डोळ्यांपुढं आल्या, त्या माडीवर, ती जुनी पट्टी लावून, चाकावर अंगठा ठेवून बसलेल्या.

"आता नाही मिळत," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. मला वाटतं, त्यालाही तेच ऐकायचं होतं.