आमच्या माडीवरचे नापास

पाहुणे निघून जातात आणि त्यांच्या छत्र्या मागे राहतात, तसे किस्सेही राहतात. आमच्या धारवाडच्या घराची माडी तर अशा किश्शांनी भरून गेली होती.

अप्पा, म्हणजे माझे वडील, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला अर्धा मार्क उगाच दिला नाही की कापला नाही. त्यांच्या ओळखीच्या एका सेवासंस्थेकडे सत्तर-ऐंशीच्या त्या दशकांत परदेशी मुलं-मुली यायची. शाळा संपली, कॉलेज सुरू व्हायचंय, तर मधलं एक वर्ष जग बघायचं आणि कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, असा त्यांचा बेत. त्यांची राहायची सोय आमच्या माडीवर असायची. माझ्या थोरल्या बहिणीला, सुधाअक्काला, आणि मला त्यांचं भारी कुतूहल! सुखाचं घर सोडून ही माणसं इथं येतात तरी कशाला?

*

पहिला आला पीटर. इंग्लंडचा, उंच, दारातून वाकून येणारा.

जेवताना अप्पांनी विचारलं, "कॉलेज कुठलं?"

"पुढच्या वर्षी जाणार."

"मग यंदा?"

"यंदा काही नाही. एक वर्ष असंच!"

अप्पा हात धुऊन स्वयंपाकघरात आले आणि हळूच आईला म्हणाले, "पोरगं नापास झालंय. तोंडावर कुणी काही विचारू नका."

आमच्याकडे वर्षभर घरी बसायला दुसरं कारणच नसायचं! दोन दिवसांत गल्लीभर झालं. कुणी शिरा पाठवला, कुणी लाडू. समोरच्या वकीलकाकांनी तर पाठीवर हात ठेवून सांगितलं, "आमचा मेव्हणाही दोनदा बसला होता. आता तहसीलदार आहे."

आणि अप्पांनी त्याला रोज पहाटे उठवून भूमिती शिकवायला सुरुवात केली. पीटर बिचारा डोळे चोळत प्रमेयं सोडवायचा. खरा प्रकार कळला तेव्हा अप्पांनी कपाळाला हात लावला. "अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

पीटर म्हणाला, "मला वाटलं, तुमच्याकडे पाहुण्यांसाठी अशीच पद्धत आहे!"

*

एकदा अप्पा त्याला हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात घेऊन गेले. त्याला लुंगी घ्यायची होती. कापड दुकानदाराने आधी चौकशी केली.

"पगार किती, तम्मा?"

"पगार नाही. फुकट काम करतो."

"लग्न?"

"नाही."

"कॉलेज?"

"अजून नाही."

"अय्यो पाप, बिचारं पोर!" दुकानदार हळहळला. लुंगी बांधून दिली आणि वर एक टॉवेल फुकट ठेवला. "हा माझ्याकडून. देव सगळं बघतो!"

*

पीटरचं काम होतं उणकलच्या पलीकडच्या एका खेड्यात शाळेची खोली बांधायचं. गावातलं कुणी श्रमदानाला येत नव्हतं, म्हणून संस्थेने त्याला पाठवला.

पहिल्या दिवशी त्याने दगडाची पाटी डोक्यावर घेतली, तर एका म्हातारीने धावत येऊन ती काढून घेतली. "पाहुण्याला कुणी दगड उचलायला लावतं का? बस की रे, बाळा!" त्याने फावडं उचललं, ते दुसऱ्याने हिसकावलं. पाहुणा ऐकेना, म्हणून त्याला अडवायला अख्खं गाव कामाला लागलं! पीटर झाडाखाली चहा पीत बसून राहिला आणि खोली उभी राहिली.

पंचायतीचे चेअरमन स्वतः आमच्या घरी आले. "मास्तर, पोरगं फार कामाचं! असलंच अजून एक मागवा. विहीर खणायची आहे."

*

पुढे काही वर्षांनी डेन्मार्कची इंगे आली. तिला साहसाचं वेड. सायकलवरून एकटी कारवारपर्यंत जाणार म्हणाली. "झाडाखाली झोपेन. वाट चुकले तर चुकले!"

अप्पांनी मान डोलावली आणि वाटेतल्या गावोगावच्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडले.

इंगे परत आली ती चांगली गुटगुटीत होऊन! प्रत्येक फाट्यावर कुणीतरी उभं. पुरणाची होळिगे खा, ओटी भरून घे, आमच्याकडेच राहा. "एकदाही हरवले नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुमच्याकडे हरवूच देत नाहीत!"

सुधाअक्काने विचारलं, "हरवण्यात काय असतं गं एवढं?"

"ये आमच्याकडे, आणि बघ."

*

हे नुसतं बोलणं राहिलं नाही. अक्का बी.एस्सी. झाली, फर्स्ट क्लासमध्ये. इंगेने खटपट केली आणि तिच्या गावच्या वृद्धाश्रमात वर्षभर काम करायला अक्काला बोलावणं आलं. जाण्या-येण्याचं सगळं तिकडची संस्था बघणार होती.

अप्पा म्हणाले, "मास्तराच्या घरात वर्ष वाया जात नाही."

"दुसऱ्यांची पोरं चालतात की आपल्या माडीवर!" आई म्हणाली.

"लोक काय म्हणतील? पोरगी नापास झाली म्हणतील!"

अक्का भांडली नाही. पण ताटावरून अर्धपोटी उठायला लागली. मला अप्पांचा इतका राग यायचा की काय सांगू!

इंगे परत निघायच्या आधी अप्पांनी तिला विचारलं, "तुझ्या वडिलांनी कसं सोडलं तुला?"

"कुठं सोडलं? लोक हसतील म्हणाले. निरोप द्यायला स्टेशनवरसुद्धा आले नाहीत. मी वर्षभर रोज त्याचाच विचार करते."

अप्पा "हूं" म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला गेले. पण दुसऱ्या दिवशी हुबळीला जाऊन आले. भर उन्हाळ्यात दुर्गदबैल पालथं घालून एक जाडजूड स्वेटर आणला होता. तपकिरी, पुरुषी मापाचा. अक्काच्या हातात दिला आणि पेपर उघडून बसले. अक्काने त्या उकाड्यात तो स्वेटर अंगात घातला आणि घळाघळा रडली.

*

धारवाड स्टेशनवर मिरजेची गाडी लागली होती. अक्का खिडकीत; फलाटावर आई, मी आणि सगळ्यांत पुढे अप्पा. एवढ्यात वकीलकाका समोरून आले. कसल्याशा केससाठी बेळगावला निघाले होते. सामान बघून थबकले आणि भर फलाटावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय हो मास्तर, कॉलेज सोडून पोरगी वर्षभर कुठंतरी चालली म्हणे? नापास झाली की काय?"

अक्काचा चेहरा पडला. आईने पदर तोंडाला लावला. मी सांगायला तोंड उघडलं, "फर्स्ट क्ला..."

अप्पांनी हाताने मला थांबवलं. टोपी नीट केली आणि वर्गात निकाल वाचायचे त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "होय. नापास झाली!"

मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि हिलाही करायचा विचार आहे."